एक कोटीची एम२ की दोन कोटींची ९११? बुकिंगआधी या चुका टाळा

बीएमडब्ल्यूची एम२ ही स्पोर्ट्स कार मे २०२३ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ९८ लाखांपासून होती. पोर्शेच्या सध्याच्या ९११ करेराची २०२४ मधली किंमत १ कोटी ९९ लाखांपासून. आता गंमत बघा: पदार्पणाच्या वेळच्या ऑटोमॅटिक एम२ चा आणि साध्या करेराचा ० ते १०० किमीचा कंपनीने दिलेला वेळ एकच, ४.१ सेकंद. मग वरचा एक कोटी कशाचा? काही जण म्हणतात नावाचा, काही म्हणतात ९११ ती ९११च. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. पैसे वाया जातात ते ब्रोशर चुकीचं वाचल्यामुळे क्वचितच. ते जातात आरटीओच्या पावतीत, सोसायटीच्या रॅम्पवर आणि टायरच्या भिंतीत.

शोरूम किमतींची वजाबाकी करून थांबणं

दोन्ही गाड्या पूर्ण तयार स्थितीत आयात होतात. महाराष्ट्रात आयात गाडीला एकरकमी कर २० टक्के लागतो. इंटरनेटवरचे बरेच कॅल्क्युलेटर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीचा १३ टक्क्यांचा दर लावतात. एक कोटीच्या गाडीवर तिथेच ७ लाखांची चूक होते. या कराला वरची मर्यादा आहे. १ जुलै २०२५ पूर्वी ती २० लाख होती, म्हणजे एक कोटीच्या आणि दोन कोटींच्या गाडीला कर सारखाच बसायचा. आता मर्यादा ३० लाख आहे. सोपे आकडे धरले तर एम२ ला २० लाख आणि ९११ ला ३० लाख. वर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून गोळा करून भरायचा आयकर), म्हणजे १ आणि २ लाख. टीसीएस आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण गाडी घेताना खिशातून जातोच. विमा सोडून हिशेब १ कोटी २१ लाख विरुद्ध २ कोटी ३२ लाख. जुनं कोष्टक घेऊन बसलेला माणूस इथे १० लाखांनी चुकतो.

कर्ज काढणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: १० टक्के व्याज आणि ५ वर्षं मुदत धरली तर दर कोटीमागे महिन्याचा हप्ता सुमारे २ लाख १२ हजार.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर वाचेल, हाही गैरसमज. कंपनीच्या नावावरच्या गाडीलाही दर २० टक्केच आहे. घसाऱ्याचा फायदा मिळू शकतो, पण सर्वसाधारण व्यवसायाला अशा गाडीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. आणि कमी कराच्या राज्यात पासिंग करून गाडी कायम इथेच फिरवायची ही युक्ती बारा महिन्यांपुरतीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे त्यानंतर नवी नोंदणी लागते. इथला कर तेव्हा भरावा लागतोच, आणि आधीच्या राज्याकडून परतावा मिळवताना चपला झिजतात.

विम्यात आयडीव्हीकडे बघा, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे गाडी एक ते दोन वर्षांची असताना आयडीव्ही २० टक्क्यांनी उतरते, दोन ते तीन वर्षांत ३० टक्क्यांनी. दोन कोटींच्या गाडीला ही ४० आणि ६० लाखांची दरी आहे, आणि भरलेला रोड टॅक्स आयडीव्हीत धरलेलाच नसतो. चोरी किंवा पूर्ण नुकसान झालं तर ही दरी ‘रिटर्न टू इन्व्हॉइस’ हे कलम भरून काढतं. त्यात रोड टॅक्स धरला आहे का आणि ते किती वर्षं मिळेल, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. शर्यत किंवा वेगाच्या चाचणीत झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, हेही ट्रॅकवर जायच्या आधी माहीत असलेलं बरं.

४.१ सेकंदांवर निवड करणं

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर घाटाबाहेरही कारची मर्यादा ताशी १०० किमीच आहे, तेव्हा तो आकडा रोजच्या कामाचा नाहीच. शिवाय आकडा एक असला तरी तो येतो वेगळ्या वाटेने. एम२ मध्ये सुरुवातीला ४६० अश्वशक्ती होती, पुढे ४८० झाली. करेरात ३९४. पण करेरा सुमारे २०० किलोंनी हलकी आहे, आणि इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने निघताना मागचे टायर रस्ता घट्ट धरतात. हे २०० किलो सरळ रस्त्यावर कळत नाहीत. घाटातल्या दहाव्या वळणाला, ब्रेक तापल्यावर कळतात.

म्हणून डीलरच्या ठरलेल्या पंधरा मिनिटांच्या फेरीवर निर्णय घेऊ नका. स्वतःचा रस्ता मागा, तोही संध्याकाळच्या गर्दीचा: निम्मा सिग्नलचा, निम्मा खराब डांबराचा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, त्याच रस्त्यावर, टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरून चालवा. एक फेरी कम्फर्ट मोडमध्ये मागे घरचं माणूस बसवून करा. एम२ मध्ये मोठा माणूस मागे बसतो, कुरकुर करत का होईना. ९११ ची मागची जागा लहान मुलांची किंवा बॅगांची, आणि नव्या करेरा कूपेत मागच्या सीट मुळात मागून घ्याव्या लागतात. जादा पैसे पडत नाहीत, पण ऑर्डरवर लिहायला विसरलात तर गाडी दोन सीटची येते.

हाताचा गिअर हवा असेल तर प्रश्न तिथेच सुटतो. एम२ मॅन्युअलमध्ये मिळते. साधी करेरा फक्त पीडीके या पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये येते, मॅन्युअलसाठी करेरा टी किंवा त्याहून महाग ९११ कडे जावं लागतं.

रॅम्प न मोजता टोकन देणं

सगळ्यात महाग आणि सगळ्यात सहज टळणारी चूक ही. ‘ग्राउंड क्लिअरन्स किती?’ एवढंच विचारून भागत नाही. गाडी खाली लागते ती तीन ठिकाणी: उताराच्या पायथ्याशी पुढचा ओठ, माथ्यावर पोट, आणि रिव्हर्स घेताना मागचा बंपर. पोटाचा हिशेब क्लिअरन्स आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) मिळून ठरतो. एम२ चा व्हीलबेस २,७४७ मिमी, ९११ चा २,४५०. समजा दोघींची क्लिअरन्स १२० मिमी आहे. मग एम२ माथ्यावरचा साधारण १० अंशांचा मोड पार करेल आणि ९११ साधारण ११ अंशांचा. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण १:६ चा (सहा मीटरला एक मीटर चढणारा) रॅम्प साडेनऊ अंशांचा असतो. त्यावर दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन एम२ चं पोट निसटतं सुटेल किंवा घासेल.

मोजायची पद्धत सोपी आहे. एक मीटरची सरळ लाकडी पट्टी रॅम्पवर ठेवा, तिच्यावर फोन ठेवून त्यातलं पातळी दाखवणारं ॲप उघडा. पायथा, मध्य आणि माथा अशा तीन जागी अंश लिहून घ्या. पायथ्याला ओघळीवर लोखंडी जाळी असेल तर ती किती वर आली आहे तेही मोजा. ९११ घेणार असाल तर पुढचा ॲक्सल उचलणारी लिफ्ट घ्याच. ती नाक साधारण ४० मिमी वर नेते आणि कमी वेगातच चालते. मात्र लिफ्ट नाकच उचलते, माथ्यावरच्या पोटाला तिचा आधार थोडाच. एम२ ला अशी लिफ्ट मिळत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणातला गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून दोन्ही गाड्या सावकाश नेल्या तर निघतात. खरा शत्रू सोसायटीने रात्रीतून ओतलेला अरुंद सिमेंटचा उंचवटा. तो तिरका घ्या, एका वेळी एकच चाक चढेल असा. मागे कोणी बसलं असेल तर उतरवा. लाज वाटते खरी, पण खालचं आवरण फाटण्यापेक्षा परवडतं.

यांत्रिक पार्किंग असेल तर मशीनवरच्या पाटीवर वजन आणि रुंदीची मर्यादा वाचा. एम२ आरशांशिवाय १,८८७ मिमी रुंद आहे, ९११ १,८५२. पॅलेटच्या दोन कडांमधलं अंतर टायरच्या उंचीवर मोजा, वरच्या पाइपाजवळ नाही. रिम घासते ती खालीच.

टायर म्हणजे टायर, असं समजणं

एम२ ला पुढे २७५/३५ आर१९ आणि मागे २८५/३० आर२०. करेराला पुढे २३५/४० आर१९ आणि मागे २९५/३५ आर२०. पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा तिच्या टक्क्यांत भिंतीची उंची; गुणाकार केला की टायरची भिंत कळते: एम२ ची मागची सुमारे ८५ मिमी, ९११ ची मागची १०३. पावसाळ्यातल्या खड्ड्यात हे १८ मिमी फार मोठे आहेत. भिंत जितकी बुटकी तितक्या लवकर रिम आतल्या धाग्यांना चिरडते आणि टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही. सोबतचं सीलंट खिळ्याच्या भोकाला चालतं, भिंतीच्या चिरेला नाही.

पुढचे-मागचे आकार वेगळे असल्याने टायर अदलाबदल करून झीज सारखी करता येत नाही. मागची जोडी आधी संपते. पोर्शेसाठी मंजूर टायरवर ‘एन’ची खूण असते, बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर चांदणी. निदान एका ॲक्सलवर तरी दोन वेगळ्या खुणांचे टायर लावू नका. जून २०२० पासून अनेक प्रकारच्या नव्या टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे असे आकार दुकानात पडून नसतात. गाडी बुक करायच्या आधी दोन टायरवाल्यांना मागच्या मापाचा भाव आणि हातातला साठा विचारा. उत्तर ‘मागवून देतो’ असं आलं तर किती दिवसांत, हे पुढचं विचारणं.

आणि टोचन. दोरी लावून किंवा दोन चाकं उचलून या गाड्या ओढू नका, फ्लॅटबेडच बोलवा. रोडसाइड असिस्टन्समध्ये फ्लॅटबेडचा शब्द आहे का, तो शोधा.

ऑप्शनची यादी रिकाम्या पोटी भरणं

एम२ बऱ्याच गोष्टी अंगभूत घेऊन येते. ९११ चं तसं नाही. यादी उघडली की लाख-लाख करत रक्कम अशी फुगते की साध्या करेराच्या किमतीत वरचं मॉडेल दिसू लागतं. आमचा क्रम असा: पुढची लिफ्ट, मग सोयीच्या सीट, मग स्पोर्ट क्रोनो हे ड्रायव्हिंग मोडचं पॅकेज. सिरॅमिक ब्रेक रस्त्यासाठी नकोत. मोठी चाकं आणि खाली बसणारं सस्पेन्शन तर रॅम्प मोजलेल्या माणसाने बघूही नये. एम२ च्या कार्बन बकेट सीट दिसतात देखण्या, पण रोज चढउतार करताना मांडीखालच्या उंच कडा त्रास देतात. आधी बसून बघा, दहा वेळा चढा-उतरा.

एम२ च्या पैशांत जुनी ९११

हा तिसरा पर्याय सगळ्यांना सुचतोच. वाईट नाही, पण इथे ‘नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा’ होऊ शकतं. २०१२ ते २०१९ ची पिढी बघत असाल तर कागद आधी, गाडी नंतर. मूळ आयातीचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा कागद), त्यावरचा चॅसी नंबर, आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद, परराज्यातली असेल तर एनओसी. यातलं एक कमी असेल तर उठा.

मग इंजिनच्या कंट्रोल युनिटचा (गाडीतल्या संगणकाचा) रिपोर्ट काढून मागा. त्यात इंजिन चाललेले एकूण तास असतात. किलोमीटरला तासांनी भागा. २०,००० किमी आणि १,००० तास म्हणजे सरासरी २०, शहरातली गाडी. २०,००० किमी आणि २,००० तास म्हणजे सरासरी १०, इथे मीटर मागे फिरवल्याचा संशय घ्या. रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्या. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, एखादं दार ३०० दाखवत असेल तर त्याची हकीकत विचारा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. पुरात बुडालेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा कुबट वास सापडतो. सीटच्या रुळांखालचा गंजही बघा.

त्याहून जुनी, १९९९ ते २००८ च्या काळातली साधी करेरा असेल तर इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचं काम झाल्याचं बिल हवं. ते फुटलं तर इंजिन जातं.

गाडी घरी आल्यावर

पहिल्या दिवशी मित्रांना पळवून दाखवणं टाळा. पोर्शेच्या पुस्तिकेत पहिल्या ३,००० किमीपर्यंत ४,००० आरपीएमच्या आत राहायला सांगितलं आहे. एम२ ला पहिल्या २,००० किमीत ५,५०० आरपीएम ही मर्यादा, आणि त्यानंतर तेलाची सर्व्हिस चुकवायची नाही. ती चुकली तर पुढे वॉरंटीच्या वादात तुमची बाजू लंगडी पडते.

पेट्रोल ९५ ऑक्टेनच्या खाली नको. मुंबई-पुण्यात १०० ऑक्टेनचं पेट्रोल ठरावीक पंपांवर मिळतं, महाग असतं. जुन्या गाडीत भरण्याआधी टाकीच्या झाकणातली खूण बघा: ई१० (१० टक्के इथेनॉल) लिहिलं असेल तर ई२० (२० टक्के) तिच्यासाठी नाही.

९११ चे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. त्यांच्या तोंडाशी पानं आणि प्लास्टिक अडकून ओलं राहतं आणि एसीचा कंडेन्सर सडतो. पावसाळ्याआधी आणि नंतर ते साफ करून घ्या. गर्दीत एसी अचानक कमी थंड करायला लागला तर गॅस भरण्याआधी तिथे टॉर्च मारून बघा.

गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरीला मेंटेनर (चार्ज टिकवून ठेवणारा चार्जर) लावा, पण बॅटरी साधी आहे की लिथियम ते पाहूनच, कारण दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांचे चार्जर वेगळे. ९११ च्या अनेक पिढ्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी उघडते विजेवर. बॅटरी मेली की किल्ली आतच राहिलेल्या कपाटासारखी अवस्था होते. पायाजवळच्या फ्यूज बॉक्समध्ये ओढून बाहेर काढायचा एक लाल टर्मिनल असतो. तो कोणत्या बाजूला आहे ते पुस्तिकेत आधीच बघून ठेवा. जम्पची (दुसऱ्या बॅटरीवरून वीज घ्यायची) लाल केबल त्याला, काळी दाराच्या कुलुपाच्या धातूच्या कडीला, मग किल्लीवरचं डिकीचं बटण. अलार्म वाजेल, घाबरू नका, किल्लीने बंद होतो. डिकी उघडली की केबल काढा आणि खऱ्या बॅटरीला जोडा. फ्यूज बॉक्समधल्या टर्मिनलवरून इंजिन सुरू करायचा प्रयत्न करू नका, तो फक्त डिकीपुरता आहे.