चपळवर चढण्याआधी पुण्यात काय काय उरकायचं

जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी जगभरच्या संग्रहालय-जहाजांवरून हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, स्टेशनं लावतात आणि जहाजाजहाजांत बोलणं होतं. अमेरिकेत कॅमडेनला उभ्या असलेल्या न्यू जर्सी या युद्धनौकेवरचा हॅम क्लब हा उपक्रम चालवतो. यंदा आपण पुण्यातून कारवारला जाऊन टागोर समुद्रकिनाऱ्यावरच्या आयएनएस चपळवरून भाग घ्यायचं ठरवतो आहोत. ही क्षेपणास्त्रनौका 1976 मध्ये नौदलात आली, 2005 मध्ये निवृत्त झाली आणि 2006 मध्ये तिचं संग्रहालय झालं. मुंबईत विक्रांतही संग्रहालय म्हणून उभी होती. 1961 ते 1997 नौदलात राहिलेलं ते जहाज 2014 मध्ये मोडीत निघालं, आणि तिथून एकदाही सीक्यू, म्हणजे ‘कुणी ऐकतंय का’ अशी सगळ्यांना हाक, दिला नाही याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून चपळच्या तयारीत मला कुठलीही ढिलाई नको आहे.

पहिलं काम कागदांचं, आणि ते मे महिन्यावर ढकलायचं नाही. संग्रहालय चालवणाऱ्या प्रशासनाची लेखी परवानगी हवी. तिच्यात तारखा, वेळा, माणसांची संख्या, अँटेना कुठे उभी राहणार आणि कशाला बांधणार, एवढं सगळं आलं पाहिजे. कारवारजवळ आयएनएस कदंब हा नौदलाचा मोठा तळ आहे. तिथे कुणी ट्रान्समीटर आणि तारांची भेंडोळी घेऊन उतरलं की चौकशी होणारच आणि ती व्हायलाच हवी. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी पत्र द्यायचं, पोच घ्यायची. प्रत्येक ऑपरेटरचा डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना, मूळ आणि दोन झेरॉक्स, वेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये. परवान्यावरच्या पत्त्याबाहेरून स्टेशन चालवण्याबद्दल त्याच कागदावर जे लिहिलं आहे ते नीट वाचा आणि त्याप्रमाणे जे कळवायचं ते कळवून मगच पेट्या भरा. आपल्यातले काही व्हीयू2, म्हणजे वरच्या वर्गाच्या परवान्याचे आहेत, काही नव्यानं व्हीयू3, म्हणजे खालच्या वर्गाचे झालेत. ज्याचा परवाना त्याचीच पॉवरची मर्यादा, हे खुर्चीत माणूस बदलला की दर वेळी तपासायचं.

एक नियम मात्र सगळ्यांनी मनात पक्का करावा. बोटीला भोक पाडायचं नाही, रंगावर चिकटपट्टी लावायची नाही, कठड्याला धातूचा क्लॅम्प आवळायचा नाही. समुद्राच्या हवेत रंगाचा एक टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो. बांधायचं ते सुती दोरीनं, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून. मला विचाराल तर बोटीला बांधूच नये. मधला खांब दुर्बिणीसारखा उघडणारा फायबरचा घ्यावा आणि तो वाळूत उभा करावा. दोन्ही टोकांना बुरूड आळीतून आणलेले बांबू. बांबू कारवारलाही मिळतील, पण गाठी, उंची, ताण हे सगळं ज्या बांबूवर इथे जमवलं तोच बांबू तिथे हाती असला की वेळ वाचतो. गाडीच्या टपावर दोन बांबू सहज मावतात.

आता अँटेना. दोन डायपोल, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे सारख्या तारांच्या भुजा असलेल्या अँटेना, पुरेत. वीस मीटर बँडचा एक, 14 मेगाहर्ट्झसाठी, प्रत्येक भुजा साधारण पाच मीटर. चाळीस मीटर बँडचा दुसरा, प्रत्येक भुजा दहा मीटर. चपळ लांबीला अडतीस मीटरहून थोडी जास्त आहे, त्यामुळे मोठा डायपोलसुद्धा तिच्या अंगाशेजारी आरामात राहतो. पण पोलादाच्या एवढ्या मोठ्या ढिगाशेजारी अँटेनाचं वागणं बदलतं. गच्चीवर कापून बरोबर केलेली तार तिथे बरोबर येईलच असं नाही. म्हणून भुजा पंधरावीस सेंटीमीटर लांबच ठेवायच्या आणि जादा तार टोकाशी दुमडून घ्यायची. कापलेली तार पुन्हा वाढत नाही. मध्यभागी एकास एक बॅलन (केबल आणि डायपोलची जुळणी करणारा भाग). रिगजवळ, म्हणजे रेडिओ-संचाजवळ, कोॲक्सचे (आतली तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलचे) सात-आठ वेढे फेराइटच्या कड्यातून, नाहीतर त्या केबलच्या बाहेरच्या अंगावरून आरएफ (रेडिओची ऊर्जा) परत येऊन माइकला आणि लॅपटॉपला त्रास देतं. गंजलेले जोड हा जुन्या बोटीवरचा आणखी एक त्रास. दोन धातूंमधला गंज डायोडसारखा वागतो आणि नसलेले सिग्नल, नसलेला आवाज तयार करतो. खांब बोटीपासून चार पावलं लांब असला की हा त्रास बराच कमी होतो. डायपोलच्या टोकांशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, हात लागला तर चटका बसतो. टोकं माणसाच्या हाताच्या वर, अगदी बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या हाताच्याही वर राहतील अशीच बांधायची. दोऱ्यांना लाल फडक्याच्या पट्ट्या, म्हणजे संध्याकाळी कुणी अडखळणार नाही.

कनेक्टरबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण गेल्या थंडीत सिंहगडावर माझ्याच एका सोल्डरच्या डागानं सगळ्यांचे चार तास घालवले. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) कधी दीड, कधी पाच. आम्ही तार तपासली, बॅलन बदलला, रिग बदलला. शेवटी काकांनी कोॲक्सचं टोक हातात धरून हळूच वाकवलं आणि मीटरचा काटा उडाला. पीएल-259 या कनेक्टरच्या अंगाला चार भोकं असतात, आत जाळीवर डाग बसवायची. मी पंचवीस वॅटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीनं ते काम केलं होतं. पितळेचं ते जाड अंग सगळी उष्णता पिऊन टाकतं, शिसं वरवर पसरतं, आत धरत नाही. डाग चमकायला हवा, माझा खडबडीत आणि पांढुरका होता. काकांनी दुसऱ्या दिवशी शंभर वॅटची इस्त्री आणली, कनेक्टर फडक्यानं व्हाइसमध्ये धरला, आधी कानशीनं भोकांच्या कडा खरवडल्या आणि शिसं आत ओढलं जाताना मला दाखवलं. म्हणाले, "इस्त्री शिशाला लावायची नाही रे, पितळेला लावायची. पितळ तापलं की शिसं आपोआप जातं." या वेळी सगळे कनेक्टर त्यांच्या नजरेखालून जातील. प्रत्येक केबल मीटरवर तपासायची: आतली तार टोक ते टोक सलग, जाळी सलग, आणि दोघींत काही जोड नाही. तपासली की गळ्यात पिवळ्या टेपची पट्टी. पट्टी नसलेली केबल पेटीत जाणार नाही.

खारी हवा एका रात्रीत पितळ हिरवं करते. जोडावर आधी रबराची आपल्या आपल्याला चिकटणारी टेप ताणून गुंडाळायची, तिच्यावर साधी काळी टेप, खालून वर, म्हणजे पाणी पागोळ्यांसारखं निथळून जातं. ही रबरी टेप तपकीर गल्लीत मिळते. त्याच फेरीत फ्यूज, पीएल ते बीएनसी कनेक्टरची अडॅप्टरं आणि जादा फेराइट कडी घ्या. दोऱ्या, ताडपत्री, खुंट्या बोहरी आळीतून. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चांगली जुनी मीटरं दिसतात, पण या सहलीसाठी तिथून काही घेऊ नका. ज्याचा भरवसा अजून पटलेला नाही असं काहीच सोबत नको.

वीज आपली आपण न्यायची. संग्रहालयाच्या प्लगवर अवलंबून राहायचं नाही, आणि जनरेटर तर नकोच, त्याच्या घरघरीत पाहुण्यांना काही ऐकू येणार नाही. शंभर वॅटचा रिग ऐकताना साधारण एक अँपिअर घेतो, बोलताना शिखराला वीसपर्यंत जातो. एसएसबीवर, म्हणजे आवाजाच्या मोडवर, बोलण्याची सरासरी आठ धरली आणि चौथा हिस्सा वेळ बोलण्यात गेला, तर तासाला पावणेतीन अँपिअर-तास. बारा तासांना तेहतीस. शंभर अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे एका बॅटरीत एक दिवस नीट निघतो. दोन बॅटऱ्या, रात्री मुक्कामाच्या जागी चार्जिंग. बॅटरीपासून रिगपर्यंतची वायर जाड आणि आखूड, दोन्ही तारांना बॅटरीजवळच फ्यूज. बॅटरी गाडीत आडवी होणार नाही अशी लाकडी खोक्यात बसवा.

पावसाचं काय ते आधीच ठरलेलं असू द्या. पहिला शनिवार म्हणजे रोहिणी सरत आलेली आणि मृग तोंडावर. कारवारला पाऊस पुण्याच्या आधी पोचतो, वळवाच्या गडगडाटासह येऊ शकतो. गडगडाट ऐकू आला की बोलणं अर्धं सोडून कोॲक्स रिगपासून काढायची, टेबलापासून दूर बाहेर ठेवायची आणि माणसं खांबापासून लांब. समोर कितीही दुर्मिळ स्टेशन असलं तरी. हा निर्णय ज्याला पहिला आवाज ऐकू येईल त्यानं घ्यायचा, मोठ्यांना विचारत बसायचं नाही.

वेळेचा घोळ दर वर्षी कुणी ना कुणी घालतो. उपक्रम शनिवारी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, शून्य वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच, आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपतो. लॉगमध्ये फक्त यूटीसी. टेबलावर एकच घड्याळ ठेवायचं, तेही यूटीसीला लावलेलं, आणि मनगटावरची घड्याळं खिशात. लॅपटॉपवर लॉग आहेच, पण शेजारी रेघा मारलेली वहीही हवी: तारीख, वेळ, कॉलसाइन (स्टेशनची ओळख-अक्षरं), बँड, मोड, दिलेला आणि मिळालेला सिग्नलचा रिपोर्ट, जहाजाचं नाव. न्यू जर्सीला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथल्या जहाजांवर माणसं येऊन बसतील तेव्हा चपळचं फाटक बंद व्हायला आलेलं असेल, म्हणून परवानगीच्या अर्जात संध्याकाळचे जादा तास आत्ताच मागायचे. ते मिळाले नाहीत तर दुपारपासून युरोपवर भर द्यायचा. दिवसा वीस मीटर, अंधार पडला की चाळीस, आणि चाळीसवर 7.2 मेगाहर्ट्झच्या वर जायचं नाही.

पाहुण्यांसाठीची तयारी मला रिगइतकीच महत्त्वाची वाटते. नियमानुसार बोलायचं ते परवानाधारकानंच, पण ऐकायला कुणालाही मनाई नाही. म्हणून बाहेरचा स्पीकर, आणि मुलांसाठी एक साधा बझर आणि की (दाबायचा खटका), ज्यावर स्वतःचं नाव मोर्समध्ये वाजवता येईल. फलक मराठीत, कोंकणीत आणि कन्नडमध्ये. कोंकणी आणि कन्नड मजकूर तिथल्या माणसाकडून तपासून घ्यायचा, आपण अंदाजानं लिहायचा नाही. एका पुठ्ठ्यावर जहाजाच्या रेडिओ-खोलीतलं घड्याळ काढू या. त्या घड्याळाच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांचे भाग लाल रंगवलेले असायचे. त्या तीन-तीन मिनिटांत 500 किलोहर्ट्झवर सगळ्या जहाजांनी गप्प राहून फक्त ऐकायचं, कुणाची क्षीण हाक असेल तर ती बुडू नये म्हणून. 1 फेब्रुवारी 1999 पासून उपग्रहांची यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि तो पहारा संपला. हे घड्याळ पाहून लहान मूलसुद्धा रेडिओ कशासाठी असतो ते समजतं. दुसऱ्या पुठ्ठ्यावर पुण्याची गोष्ट लिहायची: 1927 मध्ये इंग्लंडशी बीम वायरलेस सुरू झालं तेव्हा तारा पाठवणारं केंद्र खडकीला होतं आणि झेलणारं दौंडला. पुणेकर बोटीवर काय करतायत, असं कुणी विचारलं तर हा पुठ्ठा पुढे करायचा.

क्यूएसएल कार्डं, म्हणजे बोलणं झाल्याची पोचपत्रं, चौदा बाय नऊ सेंटीमीटर, नारायण पेठेतल्या छापखान्यात. पुढे बोटीचा फोटो आपण स्वतः काढलेला, नौदलाच्या तळाच्या दिशेनं कॅमेरा न फिरवता. प्रूफ दोघांनी वाचायचं, कॉलसाइनमधलं अक्षर चुकलं की सगळी कार्डं वाया.

खाण्याचं फार लिहीत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, आणि मीठ-साखरेचं पाणी भरपूर. पोलादी डेक मे-जूनच्या उन्हात तव्यासारखा तापतो, म्हणून जाड तळाचे बूट आणि टोप्या विसरू नका. आत पोलादी भिंतींमुळे हातातले वॉकी-टॉकी लागत नाहीत. आत कोण, बाहेर कोण ते एका पाटीवर लिहून ठेवायचं.

मेच्या दुसऱ्या रविवारी सहकारनगरच्या गच्चीवर रंगीत तालीम. सगळ्या पेट्या गाडीत भरायच्या, उतरवायच्या, आणि फक्त त्या पेट्यांमधल्या सामानावर स्टेशन उभं करायचं. घरातून एक पक्कडसुद्धा आणायची नाही. जे कमी पडेल ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं. गच्चीवर जोडून चाललं नाही ते कारवारला जाणार नाही, मग ते कितीही महागाचं असो.

शेवटचं सामान काकांचं. ते नौदलात तारायंत्रावर होते आणि या वयात चपळच्या उभ्या शिडीवरून त्यांना आत उतरवायचं नाही. त्यांची खुर्ची वर, सावलीच्या बाजूला, पाठ टेकता येईल अशी, हाताशी पाणी आणि गोळ्यांची डबी. की ते स्वतःची आणणार आहेत, पितळेची, काळ्या मुठीची, रुमालात गुंडाळलेली. तिच्याखाली ठेवायला रबराचा तुकडा मी कापून ठेवला आहे, म्हणजे टेबलावर सरकणार नाही. शनिवारी पहाटे साडेपाचला पहिला सीक्यू त्यांचा.