निंबोळी तेल फवारताय? आधी या चुका टाळा

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके, म्हणजे पिठ्या ढेकूण, दिसले की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो. कुणीतरी 'नीम ऑइल मारा' एवढंच लिहितं आणि संध्याकाळपर्यंत बाटली घरी. पुढच्या आठवड्यात त्याच कुंडीचा फोटो परत, आता पानं जळलेली. मग दोष तेलाला.

सगळ्यात जास्त झाडं बिघडतात ती तेल पाण्यात नीट न मिसळल्यामुळे. स्प्रेच्या बाटलीत पाणी, वरून तेल, दोनदा हलवलं की झालं, असं रीलमध्ये दाखवतात. मिनिटभरात तेल वर तरंगतं. पंपाची नळी बुडाशी असते, त्यामुळे पहिल्या चार कुंड्यांना नुसतं पाणी मिळतं आणि बाटली संपत आली की उरलेल्या झाडावर जवळजवळ निव्वळ तेल पडतं. म्हणजे कीड एका कुंडीत जिवंत, पानं दुसऱ्या कुंडीत जळालेली.

माझी पद्धत जुनी आहे. चार-पाच रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे. वाटीत त्या पाण्याचे दोन-तीन चमचे घेऊन त्यात 5 मिली तेल घालायचं आणि पांढरट, दुधासारखं होईपर्यंत फेटायचं. मग हळूहळू एक लिटर कोमट पाणी. तेल मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण वापरते, त्यावर खुणा असतात. रिठे नसतील तर सौम्य लिक्विड सोप, लिटरला 1-2 मिली. कपड्यांची पावडर नको म्हणजे नको. थंडीत तेल गोठलं असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, गॅसवर चढवू नका.

हे कच्च्या तेलाचं झालं. बाटलीवर 1500 किंवा 10000 पीपीएम लिहिलं असेल तर तो अझाडिरॅक्टिनचा, म्हणजे निंबोळीतल्या किडीवर काम करणाऱ्या घटकाचा आकडा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग). अशा तयार औषधात मिसळायचं द्रव्य बहुधा आधीच असतं आणि प्रमाणही वेगळं. तिथे माझं 5 मिली विसरा, लेबल वाचा.

दुसरी चूक घाईची, आणि ती सुशिक्षित माणसं जास्त करतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एप्रिलमधल्या एका रविवारी, सकाळी अकराच्या उन्हात बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या तेलाने न्हाऊ घातल्या. प्रमाण विचारलं तर म्हणाले, "थोडं जास्तच घातलं, लवकर मरतील." दोन दिवसांत पानांवर तपकिरी डाग, कडा कुरकुरीत. त्यांना वाटलं कीड पसरली, म्हणून दुप्पट तेलाचा दुसरा हात! कुंड्या माझ्याकडे आल्या तेव्हा पानाला लावलेलं बोट तेलकट होत होतं. पानं साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, जळका भाग छाटला, कुंड्या सावलीत ठेवल्या. जास्वंद पावसाळ्यात फुटली, नेचा गेला.

तेलाचा थर पानाची छिद्रं बंद करतो आणि वरून ऊन पडलं की पान भाजतं. म्हणून फवारणी ऊन उतरल्यावरच. पारा 32 च्या वर असेल तर मी तोही दिवस टाळते. शिवाय अझाडिरॅक्टिन झटक्यात मारणारं विष नव्हे. किडीचं खाणं मंदावतं, पिल्लांना कात टाकता येत नाही, मग ती मरतात. दुसऱ्या दिवशी पिठ्या ढेकूण हलताना दिसला म्हणून परत फवारू नका. सात दिवसांनी दुसरा हात, आणखी सात दिवसांनी तिसरा, कारण अंड्यांतून नवी पिल्लं निघत राहतात. एवढा धीर नसेल तर प्लॅस्टिकची फुलं आणा.

फवारण्याआधी जुन्या टूथब्रशने पुंजके खरवडून काढा. निम्मं काम तिथेच होतं, पण हात खराब करायची तयारी कुणाची नसते.

पानाच्या खालच्या बाजूला फवारा. मावा, पांढरी माशी, लाल कोळी तिथेच बसतात. वरून चकाकी आणायला तेल लावणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. तेलकट पानावर धूळ बसते, एवढंच सांगते.

नवीन झाड असेल तर आधी एका पानावर लावून दिवसभर थांबा. नेचे आणि पानांवर पांढरी पावडर असलेली सक्युलंट्स यांना तर लावूच नका. गंधक फवारलं असेल तर दोन-तीन आठवडे तेल नको. तहानलेल्या, मलूल झाडाला आधी पाणी द्या, औषध नंतर. मिश्रण त्याच दिवशी संपवा, उरलेलं उद्या कामाचं नाही.

माशांची टाकी असलेल्या खोलीत फवारू नका, कुंडी बाहेर न्या. आणि 'नैसर्गिक आहे' म्हणून हे तेल पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ओट्याखाली ठेवणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते: लहान मुलाच्या पोटात गेलं तर उलट्या, झटके, जिवावर बेतण्याइतकी विषबाधा होऊ शकते. मूळ बाटलीतच, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवा.