बॅटरी बसली तर किक मारायची कशी, आणि ती किक आधीपासून जपायची कशी

मी चिपळूणात पिग्मी गोळा करते, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत. चिंचनाक्यापासून सुरुवात, मग बाजारपेठ, मग मार्कंडी, आणि दिवेलागणीला बहादूरशेख नाक्याकडची दुकानं. एका दुकानापासून दुसऱ्यापर्यंत कधी शंभर पावलं, कधी दोनशे. खांद्याला मशीनची पिशवी आणि चार महिने अंगावर रेनकोट, त्यामुळे गाडी एका जागी लावून सगळं पायी फिरणं जमत नाही. गाडी बंद, गाडी चालू, असं दिवसाला पन्नासेक वेळा होतं, आणि ते सगळं मी वर्षानुवर्षं सेल्फवर केलं.

माझी स्कूटर 2016 ची, 110 सीसीची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळायचं जुनं यंत्र असलेली. तिची बॅटरी 12 व्होल्टची आणि क्षमता जेमतेम 3 ॲम्पिअर-अवर, म्हणजे डब्याच्या एका पुडाएवढी वस्तू. सेल्फ दाबला की मोटर त्या एवढ्याशा बॅटरीतून खसकन करंट ओढते. तो भरून यायला इंजिन काही मिनिटं तरी बऱ्यापैकी फिरायला हवं. माझं इंजिन मात्र मिनिटभरात पुढच्या दुकानासमोर बंद व्हायचं. खर्च पन्नास वेळा, जमा नावापुरती. दोन वर्षांत दुसरी बॅटरी का बसली, ते खेर्डीतल्या गॅरेजवाल्या दादांनी हा हिशेब मांडला तेव्हा मला कळलं. हिशेबाचंच काम करते मी, पण हा कधी मांडला नव्हता.

ती दुसरी बॅटरी बसली ती जुलैतल्या संध्याकाळी, बहादूरशेख नाक्यावर, दिवसभराची रोकड पिशवीत आणि वर धो धो पाऊस. सेल्फ दाबला की नुसतं टिक-टिक. किक उघडून पाय ठेवला, तर ती हललीच नाही. दुकानातला धडधाकट मुलगा आला, तो तिच्यावर अक्षरशः उभा राहिला, तरी नाही. तीन वर्षांत मी एकदाही किक मारली नव्हती आणि तिचा दांडा आत गंजून धरला होता. गाडी ढकलत घरी नेली. बॅटरी आज ना उद्या बसतेच, तिच्यावर माझा राग नाही. पण किक दिलेली असून ती मेलेली असणं, हे टाळता येण्यासारखं होतं. म्हणून हे लिहिते आहे, आणि खास करून बायकांसाठी लिहिते आहे, कारण किक हे आपलं काम नव्हे असं आपल्याला फार लवकर सांगून टाकतात.

आधी बॅटरी खरंच बसली आहे का ते बघा. चावी ऑन करा आणि हॉर्न दाबा. हॉर्न घोगरा, घसा बसल्यासारखा आला, इंडिकेटर मंद लागला, सेल्फला टिक-टिक झालं, तर बॅटरीत दम उरलेला नाही पण थोडं काहीतरी आहे. किकचं काम तिथेच. काहीच लागत नसेल, अगदी मीटरवरचा दिवासुद्धा, तर बॅटरीचं झाकण उघडून दोन्ही टर्मिनल बोटाने हलवून पाहा. आमच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरते आणि स्क्रू सैल होतो. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. फ्यूजही तिथेच शेजारी असतो आणि बहुतेक गाड्यांत जादा फ्यूज ठेवलेला असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळून बसवू नका, वायरिंग जळतं. ती पावडर काढायला गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, वर व्हॅसलीनचं बोट फिरवा. टर्मिनल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

आता किक. हे मी माझ्या भाचीला शिकवलं ते तसंच सांगते. तिची पहिलीच तक्रार, "आत्या, मला नाही जमायचं, माझ्यात तेवढा जोरच नाही." मी म्हटलं, "अगं, जोर कशाला लावतेस? वजन टाक." माझं वजन 47 किलो आहे आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला उठते.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर किक मारू नका, गाडी कलते, आणि नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन मुळात चालूच होत नाही. गाडीच्या डाव्या बाजूला, तोंड पुढे करून उभं राहा. डाव्या हाताने ब्रेक दाबून धरा, म्हणजे मागचं चाक एकदम फिरणार नाही. पायात पट्ट्याची किंवा बंद चप्पल हवी. पावसाळी रबरी स्लिपर घालून किक मारलीत की पाय घसरतो आणि दांडा उलटा येऊन नडगीवर बसतो. माझ्या उजव्या नडगीवर त्याची खूण अजून आहे.

चावी अजून ऑन करू नका. किकचा दांडा बाहेर ओढा आणि उजव्या पायाने दोन-तीन वेळा सावकाश खालपर्यंत दाबा, धक्का न देता. याने बसलेलं ऑइल जरा हलतं आणि पायाला इंजिनची ओळख होते. दाबता दाबता एका जागी दांडा जड लागतो, जणू खालून कोणीतरी हात लावला आहे. पिस्टन वर येऊन आतली हवा दाबतो आहे, ती जागा हीच. तिथून जेमतेम पुढे सरका, पाय सैल सोडून दांडा आपसूक वर येऊ द्या. भाचीला ही जागा सापडायला चार दिवस लागले. सापडल्यावर ती स्वतःच ओरडली, "आलं, आलं, लागलं पायाला!" त्यानंतर तिला माझी गरज राहिली नाही.

मग चावी ऑन, हँडलवर इंजिन बंद करायचं लाल बटण असेल तर तेही ऑन. सकाळची थंड गाडी असेल आणि कार्बोरेटरवाली असेल तर चोक ओढा, म्हणजे थंड इंजिनला पेट्रोल जास्त मिळतं. गाडी आत्ताच चालून गरम असेल तर चोक नको. ॲक्सिलेटरला हात लावू नका. लोक एका हाताने पिळत पिळत किक मारतात आणि इंजिन पेट्रोल पिऊन बसतं. आता तळपायाचा मधला भाग दांड्यावर ठेवा, बोटं नव्हे. गुडघा किंचित वाकवून अंगाचं सगळं वजन त्या पायावर येऊ द्या आणि एका दमात, वरपासून खालपर्यंत, पूर्ण फेरी मारा. अर्धी किक म्हणजे वाया गेलेली किक. खाली पोचल्यावर पाय झटकन उचलू नका, दांड्याबरोबर वर आणा.

पाच-सहा किका होऊन उठली नाही तर थांबा. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजिन ओलं झालं आहे. चोक बंद करा, ॲक्सिलेटर पूर्ण पिळून धरा आणि तशाच तीन-चार किका मारा, म्हणजे आत भरपूर हवा जाऊन जादा पेट्रोल निघून जातं. मग ॲक्सिलेटर सोडून पुन्हा नेहमीची किक. गाडी पंधरा-वीस दिवस उभी असेल तर उलट अडचण असते. बऱ्याच स्कूटरमध्ये इंजिनने ओढ दिली तरच पेट्रोलचा कॉक उघडतो, आणि उभ्या गाडीतलं कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. तेव्हा आठ-दहा किका लागल्या तर धीर सोडू नका, इतक्या लागणारच. धुवांधार पावसानंतर प्लगची, म्हणजे इंजिनमध्ये ठिणगी पाडणाऱ्या भागाची, टोपी काढून फडक्याने आतून-बाहेरून पुसून बघा. ओलावा असेल तर ठिणगी तिथेच मरते.

बाबांकडे बजाजची जुनी गिअरवाली चेतक स्कूटर होती. तिची किक उजव्या बाजूला, आणि मारण्याआधी ते गाडी एका अंगावर कलती करायचे. अजूनही लोक गिअर नसलेली स्कूटर तशी वाकडी करताना दिसतात. तिला त्याची काही गरज नाही. बाबांची चेतक बंद पडली तर आम्ही भावंडं तिला ढकलायचो. ते दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचे आणि ती फुर्रकन उठायची. आजच्या स्कूटरला ढकलून काही होत नाही, कारण तिचा क्लच इंजिनच्या वेगाने आपोआप धरतो. इंजिन बंद असताना चाक आणि इंजिन यांचा संबंधच नसतो. उतारावर सोडा नाहीतर चार जणांनी ढकला, इंजिनला त्याचा पत्ता लागणार नाही.

1 एप्रिल 2020 पासून विकल्या गेलेल्या बीएस-6 स्कूटरचं, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या स्कूटरचं, थोडं वेगळं आहे. त्यांच्यात कार्बोरेटर आणि चोक नसतो. पेट्रोल पंपाने इंजेक्टरमधून जातं, आणि पंपालाही वीज लागते. भाचीची गाडी तशी आहे. चावी ऑन केली की सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुंगुं असा आवाज येतो, तो पंप. कान देऊन ऐका. आवाज आला तर किकवर उठण्याची चांगली आशा आहे. आवाज नाही आणि मीटरही काळं, तर पाय दमवू नका, बॅटरी चार्ज करून आणा किंवा दुसरी लावा. काही गाड्यांना तर किकच दिलेली नसते. नवी घेताना मी तरी डावीकडे वाकून बघेन.

एका वेळी मात्र किक अजिबात मारायची नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा माझी गाडी हँडलपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर गल्लीत ज्याने त्याने आधी सेल्फ दाबला, मग किकवर पाय दिला. इंजिनमध्ये पाणी असलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कारण पाणी हवेसारखं दबत नाही, आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बुडालेल्या गाडीची चावीसुद्धा फिरवू नका. बॅटरीचं मायनस काढा आणि गाडी गॅरेजला न्या. माझ्या गाडीचं ऑइल काढलं तर ते चहासारखं दुधाळ होऊन आलं. दोनदा ऑइल बदललं, प्लग काढून सिलेंडर मोकळा केला, इंजिनचा जोर मागच्या चाकाकडे नेणाऱ्या बेल्टची बाजू उघडून वाळवली, तेव्हा ती वाचली.

गाडी किकवर उठल्यावर लगेच बंद करू नका. जागेवर घुरघुरत ठेवूनही बॅटरी फारशी भरत नाही. अर्धा तास सलग चालवा. मी परशुराम घाटापर्यंत जाऊन येते. बॅटरीचे स्क्रू चालू गाडीत सोडू नका, आणि बॅटरी काढून ठेवून गाडी चालवू नका, चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जायची भीती असते. साधा मल्टीमीटर घरी ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली गेली तर चार्जिंगला द्या. गाडी चालू करून थोडं ॲक्सिलेटर दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. ते दिसत नसेल तर नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, दोष चार्जिंगमध्ये आहे.

आणि किक जपणं. तिचा दांडा डाव्या कव्हरमधून एका बुशातून, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कडीतून, आत जातो. तिथे चिखलपाणी जातं, ग्रीस सुकतं, गंज धरतो. पावसाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगला गॅरेजवाल्याला स्पष्ट सांगा की कव्हर उघडून बुश साफ करा आणि ग्रीस लावा. पातळच लावायला सांगा, कारण जास्त झालेलं ग्रीस उडून बेल्टवर गेलं तर बेल्ट घसरतो. बाहेरून तेलाचा फवारा मारून किक तात्पुरती सुटते, पण आत गंज तसाच राहतो.

दिवसाची पहिली सुरुवात मी आता किकवरच करते. दुकानांच्या रांगेतही तीनातून एकदा किक. दुकानदार आधी बघत राहायचे, आता सवय झाली त्यांना. आताची बॅटरी बसवून तिसरं वर्ष चालू आहे. आज सकाळी गाडी काढण्याआधी मल्टीमीटर लावला, 12.5 दाखवलं.