पाचवी ते आठवी : पुढे दहावीत आडव्या येणाऱ्या या चुका आत्ताच टाळा

पाचवी ते आठवी ही चार वर्षं बहुतेक घरांत जरा सैल सोडलेली असतात. पहिलीच्या प्रवेशासाठी आईवडील जिवाचं रान करतात, दहावीला तर अख्खं घर परीक्षेला बसतं. मधल्या वर्षांबद्दल मात्र "अजून वेळ आहे" एवढंच कानावर येतं. मी याच वर्गांना गणित शिकवते. पालकसभेत दरवर्षी तेच ते प्रश्न येतात, आणि ते विचारले जातात तेव्हा बऱ्याचदा मूल नववीत पोचलेलं असतं. पास-नापासाचा नियम, माध्यम, भाषांची निवड, दाखल्यावरच्या नोंदी, शिष्यवृत्ती, सगळं याच चार वर्षांत ठरून गेलेलं असतं. हा लेख महाराष्ट्र राज्य मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळांपुरता आहे.

"आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत"

हा समज अजून पक्का आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान यानंच होतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याचा अंमल सुरू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्यातल्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला मागच्या वर्गात ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीच्या शेवटी रीतसर परीक्षा घ्यायची, आणि त्यात न उतरलेल्या मुलाला वर्गात ठेवायचं की नाही ते राज्यानं ठरवायचं, असा बदल झाला. महाराष्ट्रानं २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून तो लागू केला. पाचवीला प्रत्येक विषयाला ५० गुण, आठवीला ६०, आणि उत्तीर्ण व्हायला किमान ३५ टक्के. म्हणजे पाचवीत १८ आणि आठवीत २१ गुण हवेतच. सहावी-सातवीला हा नियम नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. सहावी आणि सातवीत मूल आपोआप वर सरकतं, घरचे निर्धास्त होतात, आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेला एकदम भिंत समोर येते.

मूल एखाद्या विषयात राहिलंच, तर पहिली गोष्ट म्हणजे घाबरून शाळा बदलायला निघू नका. निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची आणि त्याआधी जादा मार्गदर्शन द्यायचं, हे कायद्यातच आहे. पण निकाल लागतो सुट्टीच्या तोंडावर. कुटुंब गावी जातं, मामाकडे लग्न असतं, फोन लागत नाही, आणि परत येईपर्यंत फेरपरीक्षा होऊन गेलेली असते. निकालपत्रक हातात घेतानाच फेरपरीक्षेची तारीख आणि मार्गदर्शनाच्या तासांचं वेळापत्रक वर्गशिक्षकांकडून लिहून घ्या. फेरपरीक्षेतही मूल राहिलं तर ते त्याच वर्गात बसतं. त्याला शाळेतून काढता मात्र येत नाही. "दाखला घेऊन जा, आमचा निकाल बिघडतो" असं कुणी सुचवलं तर ते ऐकू नका. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढायला कायद्यानं मनाई आहे.

प्रगतिपुस्तकातली फक्त श्रेणी पाहणं

अ-२ आला की पेढे आणि क-१ आला की बोलणी, असं करू नका. श्रेणीच्या मागे दोन वेगळ्या बेरजा असतात. आकारिक मूल्यमापन म्हणजे वर्षभर वर्गात चाललेलं काम : तोंडीकाम, प्रयोग, प्रकल्प, उपक्रम, छोट्या चाचण्या, स्वाध्याय. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. २०१० च्या मूल्यमापन योजनेत सहावीला दोन्हींना निम्मं-निम्मं वजन आहे, सातवीला ४० आणि ६०.

आता सहावीतली दोन मुलं घ्या. दोघांना गणितात १०० पैकी ६६, दोघांची श्रेणी ब-२. एकाचे आकारिकमध्ये ४४ आणि संकलितमध्ये २२. दुसऱ्याचे ३४ आणि ३२. दुसरं मूल सगळीकडे सारखंच चालतंय, त्याला नेहमीचा सराव पुरेल. पहिल्याचं प्रकरण वेगळं आहे. ते वर्गात उत्तरं देतं, वही पूर्ण करतं, पण एकट्यानं कागद सोडवायला बसलं की अडतं. कदाचित घरचा स्वाध्याय कुणीतरी शेजारी बसून करून घेत असेल, कदाचित वाचनाचा वेग कमी असेल. त्याला सातवीत फटका बसणार, कारण तिथे परीक्षेचं वजन वाढतं. हे प्रगतिपुस्तकात स्पष्ट दिसतं, पण सही करताना तो रकाना कुणी वाचत नाही. पहिल्या सत्राचा निकाल मिळाला की दोन्ही रकाने शेजारी-शेजारी ठेवून पाहा आणि शिक्षकांना त्यातल्या फरकाबद्दलच विचारा. "कसा आहे आमचा?" या प्रश्नाला "बरा आहे" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

सेमी घेतलं म्हणजे पुढचं सोपं झालं

सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. अनेक शाळांत पाचवीपासून तशी तुकडी असते, काही ठिकाणी आठवीला निवड करायला सांगतात. सेमीच्या मी विरोधात नाही. नीट इंग्रजी वाचणाऱ्या मुलाला अकरावी विज्ञानला त्याचा उपयोग होतो. पण शेजारच्याचा मुलगा सेमीत आहे म्हणून आपलाही, ही निवड नव्हे.

घरी एक परीक्षा घेऊन पाहा. सेमीच्या गणिताच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण मुलाला मोठ्यानं वाचायला सांगा. उदाहरणार्थ, दुकानदारानं वस्तू केवढ्याला घेतली, किती टक्के सूट दिली, तरी किती नफा झाला. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि विचारा, "काय काढायचंय?" मुलानं आपल्या शब्दांत सांगितलं तर प्रश्न मिटला. नुसते आकडे सांगून "गुणाकार करायचा का भागाकार?" असं विचारलं तर अडचण गणिताची नाही, वाक्य कळण्याची आहे. अशी कित्येक मुलं पाहते. फळ्यावर मराठीत सांगितलं की झटक्यात सोडवतात, छापील प्रश्नासमोर गप्प बसतात. मग त्यांना "गणितात कच्चा" असा शिक्का बसतो आणि शिकवणी लागते तीही गणिताची. खरी गरज रोज दहा मिनिटं इंग्रजी प्रश्न वाचून अर्थ सांगण्याच्या सवयीची असते.

दोन-तीन महिने असा सराव करूनही जमत नसेल तर मराठी माध्यमाच्या तुकडीत जाण्याबद्दल मुख्याध्यापकांना अर्ज द्या. सहावी-सातवीत असा बदल फारसा त्रास न होता होतो. नववीत तो मुलालाही जड जातो आणि शाळाही तयार होत नाही. आणि यात कमीपणा काही नाही, हे मुलाला घरात स्पष्ट सांगा. घरातल्या मोठ्यांनाही सांगावं लागतं.

आठवीतल्या भाषेच्या निवडीचंही असंच. संपूर्ण हिंदी, संपूर्ण संस्कृत, की दोन्ही निम्मे-निम्मे असलेला संयुक्त अभ्यासक्रम, हा पर्याय आठवीत निवडला की तोच दहावीपर्यंत चालतो. "संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात" एवढ्या ऐकीव गोष्टीवर पूर्ण संस्कृत घेऊ नका. ज्याला पाठांतर आणि नियम आवडतात त्याला ती भाषा खरोखर आनंद देते. ज्याला नाही, तो तीन वर्षं मार्गदर्शक घोकत बसतो. निवडीचा अर्ज भरण्याआधी आठवीचं पुस्तक आणून दोन पाठ मुलाला चाळू द्या. शिवाय शाळेत संस्कृतला कायम शिक्षक आहेत का, हेही विचारून घ्या.

दाखला न वाचता पिशवीत टाकणं

जिल्हा परिषदेची शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, मूल हायस्कूलला जातं, आणि तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला हातात येतो. तो तिथेच, कार्यालयाच्या दारात उभं राहून वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. जन्मतारखेत अंकी एक आणि अक्षरी दुसरीच, असं होतं. जातीच्या रकान्यात पोटजात राहून जाते, आणि बारावीनंतर जात पडताळणीच्या वेळी तीच नोंद मागितली जाते. आधारवर नाव वेगळं आणि शाळेत वेगळं हा तर नेहमीचा त्रास आहे.

दाखल्यावर जे येतं ते शाळेच्या जनरल रजिस्टरवरून, म्हणजे सगळ्या मुलांच्या मूळ नोंदवहीवरून येतं. त्यामुळे दुरुस्ती दाखल्यावर होत नाही, रजिस्टरमध्ये व्हावी लागते. मूल शाळेत आहे तोवर जन्मदाखला आणि इतर पुरावे जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, ते प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात. शाळा सोडल्यानंतर हेच काम फार किचकट होतं. म्हणून सातवीच्या दिवाळीनंतर एकदा रजिस्टरमधली नोंद बघायला मागा. लिपिक दाखवतात, त्यात संकोच कसला?

दाखला मिळायला उशीर झाला तर? नव्या शाळेनं तेवढ्या कारणावरून आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवायचा नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा आहे, हेही त्यातच आहे. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी मुलाचं शिक्षण हमी कार्ड शाळेकडून मागून घ्यावं, म्हणजे मुक्कामाच्या गावी त्याला वर्गात बसता येतं.

आठवीत आल्यावर शिष्यवृत्तीची चौकशी

एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती आठवीत परीक्षा देऊन मिळते. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. यातली एक अट उशिरा कळते : सातवीला किमान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना ५० टक्के. म्हणजे ही तयारी सातवीतच सुरू होते, आणि सातवीला नापास करत नाहीत म्हणून ढिलाई केली की दार तिथेच बंद. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा. अर्ज शाळेमार्फत भरला जातो, म्हणून जूनमध्येच मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. निवड झाल्यावर नववीत विनाअनुदानित शाळेत घातलं तर शिष्यवृत्ती थांबते. दरवर्षी काही मुलं अशी हक्काचे पैसे गमावतात. वाईट वाटतं, कारण त्या घरांना त्या पैशांची खरोखर गरज असते.

शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की ती सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीची फी केवढी, ते सातवीत असतानाच शाळेला विचारा आणि परवडणारी नसेल तर अनुदानित हायस्कूल आधी बघून ठेवा.

"मारा सर, आमची काही हरकत नाही"

हे वाक्य पालक अजून म्हणतात, तेही मुलासमोर. कृपा करून म्हणू नका. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, पालकांच्या परवानगीनं ती उठत नाही. मूल सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, एकाच विषयाच्या दिवशी शाळा टाळत असेल, डबा तसाच परत आणत असेल, तर आधी शांतपणे त्याचं ऐका. मग वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांशी बोला. तेवढ्यानं भागलं नाही तर लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अनुदानित आणि सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तिच्या बैठकीत विषय मांडता येतो. त्यानंतर आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक पायरीवर तारखेसह लेखी ठेवा, कारण वरच्या कार्यालयात गेल्यावर पहिला प्रश्न येतो तो "शाळेला अर्ज दिला होता का?" हाच.