यूएसबीसाठी क्रिस्टल लावायचा की वाचवायचा

यूएसबी उपकरणातल्या चिपला ताल देतो तो क्लॉक. तो बाहेरच्या क्रिस्टलवरून येतो किंवा चिपच्या आतल्या ऑसिलेटरवरून. तो निवडताना आधी वेग ठरवा, किंमत नंतर. लो-स्पीड यूएसबी सेकंदाला १५ लाख बिट पाठवते आणि तिथे क्लॉक ±१.५ टक्क्यापर्यंत चुकला तरी खपतो. फुल-स्पीडला, म्हणजे १.२ कोटी बिटला, ही सूट ±०.२५ टक्क्यावर येते. १२ मेगाहर्ट्झवर ती ±३० किलोहर्ट्झ झाली. साधा ३० पीपीएमचा (दहा लाखांत ३० चुकणारा) क्रिस्टल फार तर ३६० हर्ट्झ चुकतो, म्हणून १० पीपीएमवाल्यासाठी जादा पैसे मोजू नका.

फसवतो तो क्रिस्टलऐवजी लावतात तो सिरॅमिक रेझोनेटर. कपॅसिटर आतच असलेला तीन पायांचा रेझोनेटर बसवायला सोपा, पण त्याची चूक साधारण ±०.५ टक्का. लो-स्पीडला उत्तम, फुल-स्पीडला बाद. आर्डुइनो ऊनो आर३ बोर्ड हातात घेऊन बघा: मुख्य चिप एटीमेगा३२८पीला रेझोनेटर आहे, आणि धातूच्या डबीतला क्रिस्टल आहे तो यूएसबी सांभाळणाऱ्या एटीमेगा१६यू२ला.

खरी बचत क्रिस्टल गाळण्यात आहे. फुल-स्पीडमध्ये कॉम्प्युटर दर १ मिलिसेकंदाला फ्रेम सुरू झाल्याची खूण पाठवतो. एसटीएम३२एफ०४२, एफ०७२, सॅमडी२१ आणि पिक१६एफ१४५५ या चिप त्या खुणेवरून आपला आतला ऑसिलेटर जुळवून घेतात. लोकप्रिय ‘ब्लू पिल’ बोर्डवरची एसटीएम३२एफ१०३ मात्र यातली नाही. तिला बाहेरचा ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल हवाच: गुणिले ९ करून ७२, भागिले १.५ करून यूएसबीसाठी ४८. आरपी२०४०लाही क्रिस्टल लागतो आणि तोही १२ मेगाहर्ट्झचाच. तिच्या रॉममधला यूएसबी बूटलोडर (यूएसबीवरून नवा प्रोग्राम घेणारा कोड) हाच आकडा धरून चालतो, त्यामुळे दुसरा क्रिस्टल लावला तर बूट बटण दाबूनही ड्राइव्ह दिसत नाही.

एफ०४२वर आतला ४८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर सुरू करा, यूएसबीला तोच क्लॉक द्या, मग क्लॉक-रिकव्हरी ब्लॉकला यूएसबीची फ्रेम-खूण जोडा. दोन खुणांमधल्या मोजणीचा, म्हणजे रीलोडचा, आकडा ४७९९९ ठेवा (४८००० वजा १). शेवटी काउंटर आणि ऑटो-ट्रिम हे दोन्ही बिट चालू करा. ऑटो-ट्रिम विसरलात तर ब्लॉक चूक मोजत बसतो, दुरुस्त करत नाही. एखाद्या चिपवर तेवढ्यानेही काम चालून जातं, म्हणून ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

सर्वांत स्वस्त वाट एटीटायनी८५ ही चिप आणि व्ही-यूएसबी या सॉफ्टवेअरची. यूएसबी हार्डवेअर नाही, सगळं सॉफ्टवेअरने, तेही फक्त लो-स्पीड. १६.५ मेगाहर्ट्झवर एका बिटाला बरोबर ११ सायकल मिळतात. लो-फ्यूज (चिपची क्लॉक-सेटिंग साठवणारा बाइट) हेक्स ई१ ठेवा, म्हणजे क्लॉक आतल्या पीएलएलवरून (वारंवारता वाढवणाऱ्या सर्किटवरून) येतो. हे न केलेली कोरी चिप १ मेगाहर्ट्झवरच चालते. कारखान्यातलं कॅलिब्रेशन ±१० टक्क्यांचं, म्हणून यूएसबी रिसेट झाला की फ्रेमची लांबी मोजून ऑसिलेटर जुळवणारा कोड घालायलाच हवा. एवढ्या वेगाला पुरवठा ४.५ व्होल्टच्या वर लागतो. म्हणून चिप ५ व्होल्टवर ठेवा आणि डेटाच्या दोन्ही तारांवर ३.६ व्होल्टचे झेनर (व्होल्टेज आवरणारे डायोड) व ६८ ओहमचे रेझिस्टर लावा. झेनर अर्धा वॅट किंवा त्याहून लहान घ्या. १ वॅटच्या झेनरची कपॅसिटन्स जास्त असते, सिग्नलच्या कडा त्याने लोळतात. कीबोर्ड, माऊस, नॉब यांना हे पुरतं. सीरियल पोर्ट हवा असेल तर हा नाद सोडा: त्याला लागणाऱ्या बल्क ट्रान्सफरची (डेटा गठ्ठ्याने पाठवण्याची) लो-स्पीडला परवानगीच नाही.

क्रिस्टल लावलात तर त्याच्या दोन्ही पायांवरच्या कपॅसिटरचा हिशोब करा: क्रिस्टलचा लोड (त्याला हवी असलेली कपॅसिटन्स) वजा तारांची कपॅसिटन्स (४ पिकोफॅरड धरा), गुणिले २. लोड १८ असेल तर २८ येतात, २७ लावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या मिळणाऱ्या क्रिस्टलवर लोड लिहिलेला नसतो. २२ लावून बघा. कपॅसिटर थोडा चुकला तर क्लॉक काही दहा पीपीएम सरकतो, यूएसबीला त्याचं काही नाही. फार मोठा लावला तर मात्र क्रिस्टल सुरूच होत नाही.

उपकरण ओळखलं जात नसेल तर लिनक्सचा कर्नल लॉग बघा. उणे ७१ म्हणजे प्रोटोकॉलची चूक: बिट येतात, पण वाचता येत नाहीत. उणे ११० म्हणजे वेळेत उत्तरच नाही. तिथे क्लॉक सुरू आहे का तेच आधी तपासा. उणे ७१ दिसल्यावर केबल बदलून पाहा, मग हेअर ड्रायरने चिप थोडी गरम करा. गार असताना चालते आणि तापल्यावर तुटते, तर आतला ऑसिलेटर सरकतो आहे.

क्लॉक मोजायला क्रिस्टलच्या पायाला प्रोब लावू नका. प्रोबची स्वतःची १० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असते. क्लॉक-आउटपुट पिन चालू करून तिथे मोजा. आणि प्रोब टेकवला की बोर्ड चालतो, काढला की बंद पडतो असं झालं, तर आधी बघा की त्या पायावरचा कपॅसिटर बसवायचा राहून गेलाय का.