बोलावल्यावर कुत्रा येत नाही? ई-कॉलरचा विचार करण्याआधी या चुका टाळा

मोकळ्या जागेत सोडलेला कुत्रा दहा हाका मारूनही मागे वळत नाही, तेव्हा मालकाच्या मनात राग, काळजी आणि चारचौघांत झालेली शोभा एकदमच दाटून येते, आणि नेमक्या त्याच मनःस्थितीत कोणीतरी त्याला ई-कॉलर घेण्याचा सल्ला देते. गळ्यातल्या पट्ट्यावर बसवलेली छोटीशी पेटी, कातडीला टेकणारी धातूची दोन टोके आणि मालकाच्या हातातला रिमोट, असे हे उपकरण असते; रिमोटचे बटण दाबले की कुत्र्याला विजेचा झटका बसतो. समर्थक त्याच्या झटक्याला ‘स्टिम्युलेशन’ किंवा ‘टॅप’ म्हणतात, तर विरोधक या उपकरणाला सरळ शॉक कॉलर म्हणतात. त्याच्या वापरावरून प्रशिक्षकांमध्ये अनेक वर्षे वाद चालू आहे आणि माझे मत विरोधाच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगतो. मात्र त्या वादात शिरण्यापूर्वी हाक का फसली हे तपासायला हवे, कारण ज्या कुत्र्यांसाठी ही कॉलर आणली जाते त्यांतल्या पुष्कळांना हाकेचा अर्थ नीट शिकवलेलाच नसतो.

न शिकवलेली हाक ‘मोडली’ असे समजणे

घरात ‘ये’ म्हटल्यावर कुत्रा धावत येतो, म्हणून त्याला ‘ये’ कळते असे आपण धरून चालतो. खरे तर त्याला एवढेच कळलेले असते की जेवणाच्या वेळी, स्वयंपाकघराच्या दारातून हा आवाज आला की तिकडे जावे. एका जागी शिकलेली गोष्ट कुत्रे दुसऱ्या जागी आपोआप लागू करत नाहीत. म्हणून खोली, अंगण, शांत मोकळी जागा, दूरवर दुसरा कुत्रा दिसणारी जागा आणि शेवटी जवळून कोणी पळत जात असलेली जागा, अशा पायऱ्यांनी तीच हाक पुन्हा पुन्हा शिकवावी लागते. एका पायरीवर दहापैकी नऊ वेळा तो पहिल्याच हाकेला येत असेल, तरच पुढची पायरी घ्यावी.

तोपर्यंत त्याला पूर्ण मोकळे सोडू नये. दहा ते पंधरा मीटरची हलकी दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्याला, बांधावी. ती गळ्यातल्या पट्ट्याला कधीही बांधू नये, कारण वेगात धावणाऱ्या कुत्र्याला दोरीच्या टोकाशी बसणारा हिसका थेट मानेला बसतो. दोरी कुत्र्याला ओढत आणण्यासाठी नसते. हाक न ऐकता पळून जाण्यात जी मजा आहे ती त्याला चाखायला मिळू नये, एवढेच तिचे काम असते. पळालेल्या कुत्र्याला पाठलागाचा आनंद मिळतो, आणि खिशातल्या कोरड्या बिस्किटापेक्षा तो आनंद कितीतरी मोठा असतो. त्यामुळे मैदानातले बक्षीस घरातल्या बक्षिसापेक्षा वरचढ हवे: उकडलेल्या मांसाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, आवडता चेंडू, किंवा ज्या वासापासून त्याला बोलावले त्याच वासाकडे परत जाण्याची मुभा. ही शेवटची गोष्ट फार थोडे मालक वापरतात आणि माझ्या अनुभवात तिच्याइतके प्रभावी दुसरे काही नाही.

हाक एकदाच मारावी. ‘ये, ये, अरे ये ना’ ही माळ चालू झाली की तो शब्द कुत्र्याच्या लेखी वाऱ्याच्या आवाजासारखा होतो. तो येईल याची खात्री वाटत नसेल तर हाक वाया न घालवता आपण चालत जावे आणि त्याला घेऊन यावे.

येणाऱ्या कुत्र्याला येणे महागात पडणे

माझी कुत्री दोन वर्षांची असताना हाक मारली की यायची, पण सात-आठ फुटांवर थांबायची. कान मागे घेतलेले, एक पंजा किंचित उचललेला आणि नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हे, तर उजव्या हातावर. त्या हातात नेहमी पट्टा असायचा. आठवून पाहिले तेव्हा लक्षात आले की मी तिला फक्त घरी नेण्यासाठी बोलावत होतो, आणि उशिरा आल्यास दोन शब्द सुनावतही होतो. तिच्या बाजूने पाहिले तर हिशेब अगदी सरळ होता: जवळ गेले की खेळ संपतो. पुढचे तीन आठवडे मी दर फेरीत दहा-बारा वेळा तिला विनाकारण बोलावले, खाऊ दिला, हार्नेसला फक्त हात लावला आणि लगेच ‘जा’ म्हणून सोडले. शेवटचे अंतर ती स्वतःच मिटवू लागली.

उशिरा आलेल्या कुत्र्याला रागावणे ही तर सर्वांत महागडी चूक आहे, कारण त्याच्या दृष्टीने ती शिक्षा पळण्याची नसून येण्याची असते.

वेदनेचा अर्थ आपण ठरवतो असे मानणे

बटण दाबणाऱ्या माणसाच्या मनात स्पष्ट असते की हा झटका हाक न ऐकल्याबद्दल आहे, परंतु झटका बसला त्या क्षणी कुत्रा ज्याकडे पाहत होता, ज्याचा वास घेत होता, त्याच्याशी तो वेदनेचे नाते जोडू शकतो. समोर सायकलवरचे मूल असेल तर सायकल, दुसरा कुत्रा असेल तर तो कुत्रा धोक्याचा ठरतो, आणि मग पूर्वी नुसता कुतूहलाने धावणारा प्राणी भुंकू किंवा चावू लागण्याची शक्यता निर्माण होते.

याबाबत 2007 मध्ये जर्मनीतील शाल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी बीगल जातीच्या कुत्र्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजले. एका गटाला खोट्या सशाला तोंड लावताच झटका मिळाला, दुसऱ्याला शिकारीच्या वेळी हाक न पाळल्याबद्दल, आणि तिसऱ्याला वाटेल तेव्हा. पहिल्या गटात कॉर्टिसॉल फारसे वाढले नाही. वाटेल तेव्हा झटका मिळालेल्या गटात ते सर्वाधिक वाढले, आणि त्याखालोखाल हाक न पाळल्याबद्दल झटका मिळालेल्या गटात. ‘हे केले म्हणून हे झाले’ हे उमगले तर ताण कमी राहतो, आणि हाकेच्या बाबतीत नेमके तेच उमगणे अवघड जाते, कारण ‘न येणे’ ही दाखवता येण्यासारखी एक कृती नाही.

संशोधनाचा आपल्या सोयीचा भागच वाचणे

ब्रिटनमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 63 पाळीव कुत्रे होते आणि त्यांच्या मुख्य तक्रारी हाक न ऐकणे, गुराढोरांमागे लागणे अशाच होत्या. एका गटाला अनुभवी प्रशिक्षकांनी ई-कॉलरने शिकवले, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी कॉलरशिवाय, आणि तिसऱ्याला बक्षिसावर भर देणाऱ्या प्रशिक्षकांनी. सुधारणा झाल्याचे बहुतेक मालकांनी सांगितले आणि त्या बाबतीत गटांमध्ये ठळक फरक आढळला नाही. कॉलरच्या गटातल्या कुत्र्यांमध्ये मात्र ताणाची चिन्हे अधिक दिसली. याच कुत्र्यांच्या प्रशिक्षणाच्या चित्रफिती तपासून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात बक्षिसाच्या गटातले कुत्रे कमी आज्ञांमध्ये आणि लवकर प्रतिसाद देत असल्याचे आढळले.

दुसऱ्या बाजूला, 2024 मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या, 19 कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात वेगाने पळणाऱ्या आमिषाचा पाठलाग ई-कॉलरच्या गटाने थोड्याच सत्रांत थांबवला, आणि खाऊ देऊन शिकवलेल्या गटांनी तो थांबवला नाही. समर्थक हा अभ्यास पुढे करतात आणि तो झटकून टाकणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. पण खाऊच्या गटांना मिळालेला वेळ आणि त्यांची शिकवण्याची पद्धत पुरेशी होती का, हा टीकाकारांचा प्रश्नही तितकाच रास्त आहे, कारण पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला बक्षिसाने वळवणे हे मुळात काही महिन्यांचे काम आहे. कुत्र्याने गुरांवर झडप घातल्यास तो जिवानिशी जाईल, असा समर्थकांचा युक्तिवाद असतो. त्या भीतीबद्दल मला सहानुभूती आहे. तरीही गुरे असलेल्या ठिकाणी दोरी सोडायचीच नाही, हा उपाय पहिल्या दिवसापासून हाताशी असतो.

कायद्याच्या बाबतीतही अर्धवट माहिती फिरते. वेल्समध्ये 2010 पासून अशा कॉलरच्या वापरावर बंदी आहे. इंग्लंडमध्ये 1 फेब्रुवारी 2024 पासून बंदी लागू व्हायची होती, पण ती अमलात आली नाही. अमेरिकेतील पशुवर्तन-पशुवैद्यकांच्या संघटनेने 2021 च्या निवेदनात केवळ बक्षिसावर आधारित पद्धतींची शिफारस केली आहे.

कंपन म्हणजे निरुपद्रवी, असे धरून चालणे

काही कॉलर झटक्याऐवजी नुसते कंपन देतात, पण काही कुत्र्यांना त्या कंपनाची भीती झटक्यापेक्षाही जास्त वाटते. बहिऱ्या कुत्र्याला खुणेसाठी कंपन वापरतात, पण तेथेही आधी घरात, खाऊसोबत, त्या कंपनाचा अर्थ शिकवावा लागतो. आणि पूर्वी येणारा कुत्रा अचानक यायचा थांबला असेल, विशेषतः वय झालेला असेल, तर ऐकू येणे आणि सांधे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावेत.

कॉलर आधीच वापरात असेल तर

अपराधी वाटून ती एका दिवसात काढून कुत्र्याला मैदानात मोकळे सोडू नका. कॉलर गळ्यात आहे की नाही हे कुत्रे पटकन ओळखतात, आणि ती नसताना हाक ऐकण्याचे कारण त्यांना उरलेले नसते. प्रथम पेटीखालची कातडी केस बाजूला करून पाहा. पट्टा तासन्‌तास घट्ट राहिल्यास टोकांखाली जखमा होतात. मग लांब दोरी आणि हार्नेस घ्या. जुना ‘ये’ हा शब्द पूर्ण बाजूला ठेवा, कारण त्याला आता झटक्याची आठवण चिकटलेली असू शकते. त्याऐवजी शिटी निवडा, जी त्याने यापूर्वी कधी ऐकलेली नाही, आणि पहिले दहा दिवस ती फक्त घरात, जेवणाचे भांडे खाली ठेवण्याच्या क्षणभर आधी वाजवा.