काळ्या मातीत घर बांधताय? पाया असा घाला

ज्या वावरात पऱ्हाटी (कापूस) जोमात येते, ती जमीन घराला मात्र त्रासाची. यवतमाळ, अकोला, बुलढाण्याकडची भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भिंतही तिच्यासोबत हलते. तरी लोक टाइल्स आणि एलिव्हेशनवर पैसा ओततात, पायात मात्र काटकसर करतात. उलटं करा.

कागद आधी. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, म्हणजे घर-जागेच्या नोंदीचा उतारा, काढा. वावर असेल तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) लिहिलेलं नाही ना, ते बघा. लेआउटमधला प्लॉट असेल तर मंजूर नकाशा मागा. दलालाचं रंगीत पत्रक म्हणजे नकाशा नव्हे.

मग मे महिन्यात प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत माणूस उतरेल एवढा खड्डा खणा. मुरूम किती फुटांवर लागतो, ते स्वतः उतरून टेपनं मोजा. काळ्या मातीखाली चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. तो मुरूम नव्हे, पण तिथंच मिस्त्री "लागला मुरूम" म्हणून थांबू पाहतो. थांबू देऊ नका.

पाच-सहा फुटांवर पक्का मुरूम असेल तर कॉलमचं फुटिंग (खांबाखालचा रुंद तळ) थेट त्यावरच बसवा. खूप खोल असेल तर इंजिनिअरकडून अंडर-रीम पाइलचं डिझाइन करून घ्या. साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगवटा असलेले हे खांब रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशाच मातीसाठी विकसित केले. यात प्लिंथ बीम (खांबांना जोडणारी, भिंत पेलणारी आडवी तुळई) जमिनीला टेकत नाही, खाली 8 सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं, मोकळी जागा सोडतात. माती फुगली की तिला तेवढी जागा मिळते. मजूर ही फट माती कोंबून बुजवतात, तेव्हा त्या दिवशी साइटवर उभे राहा.

जोत्यात भरण मुरमाचंच. खणलेली काळी माती परत आत ढकलली की ठेकेदाराचं टिप्परभाडं वाचतं, तुमची फरशी उखडते. सहा-सहा इंचांचे थर द्या, पाणी मारा, धुमसानं ठोका.

घराभोवती तीन-चार फूट फरसबंदी करा, न्हाणीचं पाणी नालीत सोडा. कडुलिंब भिंतीपासून लांब लावा, त्याची मुळं मातीतली ओल ओढून घेतात.

स्लॅब उन्हाळ्यात पडणार असेल तर संध्याकाळी टाका. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटला किमान 10 दिवस पाणी हवं. आपल्याकडच्या उन्हात आळी बांधून 14 दिवस पाणी ठेवा. टँकर आधी ठरवा, स्लॅब नंतर.

आणि बांधलेलं नवं घर विकत घेत असाल तर तेही मेमध्येच बघा. खिडक्यांचे कोपरे नीट न्याहाळा, दारं उघडून-लावून बघा. ताज्या रंगाखाली पुट्टीची तिरपी रेघ दिसली तर भावाचं बोलण्याआधी पाया किती खोल गेलाय, ते विचारा आणि कामाचे फोटो मागा.